मद्रासचे गणित आणि मेंदूचा नकाशा

१० डिसेंबर २०२४ रोजी आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने मानवी गर्भाच्या मेंदूचा त्रिमितीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'धरणी'. गर्भावस्थेच्या दुसऱ्या तिमाहीतील मेंदूंचे ५,१३२ छेद, प्रत्येक छेदाचे पेशी ओळखू येईल इतके सूक्ष्म अंकीय चित्र आणि त्या चित्रांवर नावानिशी दाखवलेले मेंदूचे पाचशेहून अधिक भाग, असा हा ऐवज आहे. 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी' या जुन्या नियतकालिकाने हे काम स्वीकारले. संग्रह इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

वर्तमानपत्रांनी ही बातमी 'जगात प्रथमच' अशा मथळ्याने छापली आणि दोन दिवसांत ती मागे पडली. वास्तविक या बातमीच्या पाठीमागे एक जुना इतिहास आहे. मेंदूचे वर्तन आकड्यांच्या भाषेत कसे मांडावे, हा प्रश्न याच शहरात पन्नास वर्षांपूर्वी विचारला गेला होता. तेव्हा विचारणाऱ्यांजवळ मेंदूचा एकही छेद नव्हता. त्यांच्याजवळ कागद, पेन्सिल आणि एक विलक्षण गणित होते. पगार मात्र तेव्हाही सरकारी तिजोरीतूनच येत होता. सार्वजनिक पैसा विज्ञानात नेमके काय विकत घेतो, हे समजून घ्यायचे तर 'धरणी'कडे पाहण्यापूर्वी त्या कागद-पेन्सिलीकडे पाहावे लागते.

विश्वकिरणांचा वर्षाव

कथेचा उगम मेंदूत नाही, आकाशात आहे. अंतराळातून येणारा एखादा अतिऊर्जावान विद्युत्कण वातावरणात शिरला की तो फोटॉन सोडतो. फोटॉनपासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी निर्माण होते. ते पुन्हा फोटॉन सोडतात. एका कणातून पाहता पाहता हजारो कणांचा वर्षाव होतो. १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी या वर्षावाची उपपत्ती मांडली. सरासरी किती कण सापडतील, हे त्यातून काढता येत होते. पण प्रत्येक वर्षाव वेगळा असतो. सरासरीच्या भोवती कणांची संख्या किती हेलकावते, हा प्रश्न अधिक अवघड होता. कारण कणांची संख्या पूर्णांकात मोजायची, तर प्रत्येकाची ऊर्जा मात्र अखंड बदलणारी राशी.

मद्रासचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ अल्लादी रामकृष्णन १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात भाभांसोबत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या प्रश्नावर काम करू लागले आणि पुढे मँचेस्टरला एम. एस. बार्टलेट यांच्याकडे गेले. १९५० मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्यांनी जी कल्पना मांडली तिला 'प्रॉडक्ट डेन्सिटी' म्हणतात. मराठीत तिला गुणन-घनता म्हणता येईल. कल्पना साधी आहे. एकूण कण किती, असा प्रश्न थेट विचारू नये. त्याऐवजी ऊर्जेच्या अक्षावर एक अगदी अरुंद खिडकी घ्यावी आणि तीत एक कण सापडण्याची संभाव्यता किती, हे विचारावे. मग दोन खिडक्या घ्याव्यात आणि दोन्हींत एकाच वेळी कण सापडण्याची संभाव्यता विचारावी. मग तीन. या उत्तरांच्या मालिकेतून संख्येची सरासरी, तिचे हेलकावे आणि कणांचे परस्परसंबंध, सगळे काही बांधून काढता येते.

या गणिताला 'कण' म्हणजे काय याच्याशी काही देणेघेणे नाही, ही त्याची खरी ताकद. अक्षावर विखुरलेले बिंदू असले की पुरे. ते बिंदू इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे असोत, टेलिफोन केंद्रात आलेल्या कॉलचे असोत, की आणखी कशाचे.

मद्रासला परतल्यावर रामकृष्णन यांनी स्वतःच्या घरी, 'एकाम्र निवास' येथे, सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे चर्चासत्र चालवले. जानेवारी १९६० मध्ये नील्स बोर मद्रासला आले, त्यांनी या तरुण मंडळींना पाहिले आणि पुढे दिल्लीत त्यांची प्रशंसा केली. मद्रास राज्याचे तत्कालीन मंत्री सी. सुब्रमण्यम यांनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत विषय नेला. ३ जानेवारी १९६२ रोजी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या वास्तूत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस, म्हणजेच 'मॅटसायन्स', सुरू झाली. पुढे ती अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालू लागली. तिच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती आणि तशी असावी हा हेतूही नव्हता. गणिती विचार करणाऱ्यांना बसायला जागा, वाचायला नियतकालिके आणि महिन्याचा पगार, एवढेच सरकारने दिले.

काळाच्या रेषेवरचे ठिपके

दरम्यान १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने आयआयटी मद्रास उभी राहिली. तिच्या गणित विभागात रामकृष्णन यांचे विद्यार्थी एस. के. श्रीनिवासन होते. गुणन-घनतेचे गणित त्यांनी गुरूंकडून आत्मसात केले होते आणि ते गणित आणखी कुठे लागू पडेल याचा शोध ते घेत होते. तो शोध त्यांना चेतापेशीपर्यंत घेऊन गेला.

चेतापेशी आपला संदेश विद्युत्-स्पंदांच्या रूपाने पाठवते. एक स्पंद साधारण एक सहस्रांश सेकंद टिकतो आणि पेशीच्या पटलावरील विद्युत्-दाब त्या वेळी सुमारे दशांश व्होल्टने बदलतो. एकाच पेशीचे सगळे स्पंद जवळजवळ एकसारखे असतात. मोठा स्पंद म्हणजे मोठी बातमी, असे तिथे नसते. मग बातमी असते कुठे? ती स्पंदांच्या वेळांमध्ये असली पाहिजे. स्पंदाचा आकार बाजूला ठेवून केवळ त्याचा क्षण टिपला, तर काळाच्या रेषेवर ठिपक्यांची एक माळ उरते. शिवाय ही माळ अनियमित असते: तोच उद्दीपक पुन्हा दिला तरी ठिपके त्याच जागी पडत नाहीत. रेषेवरचे यादृच्छिक बिंदू म्हणजे विश्वकिरणांच्या वर्षावातला जुना प्रश्नच, फक्त ऊर्जेच्या जागी काळ आला.

१९६४ मध्ये जॉर्ज गर्स्टाइन आणि बेनुआ मँडेलब्रॉट यांनी चेतापेशीच्या पटलावरील दाबाला यादृच्छिक चालीची उपमा देऊन स्पंदांमधील अंतरांचे गणित मांडले होते. १९६५ मध्ये टेन होपेन आणि रोयव्हर या नेदरलँड्समधील संशोधकांनी आणखी एक मांडणी केली. पेशीकडे दोन प्रवाह येतात, एक चेतवणारा आणि एक शमवणारा; शमवणारा बिंदू आला की त्याच्यानंतरचा पहिला चेतवणारा बिंदू रद्द होतो. जे उरतात ते स्पंद. नियम शाळकरी मुलालाही सांगता येईल इतका सोपा, पण उरलेल्या स्पंदांची सांख्यिकी काढायला बसले की घाम फुटतो. कारण एक बिंदू रद्द झाला की पुढच्या सगळ्यांचे संदर्भ बदलतात.

श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जी. राजमन्नार यांनी १९७० मध्ये या परस्परक्रियेवर आणि स्पंदमालिकांच्या बिंदुप्रक्रियांवर निबंध प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ए. रंगन यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध 'किबर्नेटिक' या जर्मन नियतकालिकात आला. १९७७ मध्ये जी. संपत आणि श्रीनिवासन यांचे 'स्टोकॅस्टिक मॉडेल्स फॉर स्पाइक ट्रेन्स ऑफ सिंगल न्यूरॉन्स' हे पुस्तक श्प्रिंगर प्रकाशनाच्या जैवगणिताच्या व्याख्यानमालेत सोळावा खंड म्हणून प्रसिद्ध झाले. एकेका चेतापेशीच्या स्पंदमालिकेसाठी तोपर्यंत सुचवलेली यादृच्छिक प्रतिमाने त्यात एकत्र मांडली आहेत. मॅटसायन्समध्येही आर. वासुदेवन आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात चेतापेशीच्या अशाच एका प्रतिमानावर काम करत होते. गळक्या मडक्यात थेंब थेंब पाणी पडावे, काही झिरपून जावे आणि पातळी काठाला लागली की मडके एकदम रिते व्हावे, तशी ती प्रतिमा आहे. थेंब म्हणजे इतर पेशींकडून येणारे संकेत आणि रिते होणे म्हणजे स्पंद.

कालक्रम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. 'संगणकीय चेताविज्ञान' हे नाव रूढ झाले ते १९८५ मध्ये एरिक श्वार्त्झ यांनी कॅलिफोर्नियात भरवलेल्या परिषदेपासून. ज्या विषयाला जगात अजून नाव मिळाले नव्हते, त्याच्यावर मद्रासमध्ये आठ वर्षे आधी ग्रंथ लिहून झाला होता.

काय नव्हते

हा गौरवाचा भाग झाला. इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी स्पंदाची समीकरणे मांडली ती स्वतः माखलीच्या जाड चेतातंतूत विद्युदग्र घालून घेतलेल्या मापनांवरून. समीकरणे सोडवण्यासाठी हक्स्ली यांनी हाताने फिरवायचे गणनयंत्र आठवडेच्या आठवडे फिरवले, पण मापने आणि गणित दोन्ही त्यांचीच होती. मद्रासच्या गणितज्ञांना दूरच्या प्रयोगशाळांनी छापलेल्या आलेखांवर विसंबावे लागे. आयआयटी मद्रासमध्ये आयबीएम ३७०/१५५ हा मोठा संगणक १९७३ मध्ये आला. तोपर्यंत मोठ्या आकडेमोडीची सोयही बेताचीच होती.

म्हणून पुस्तक झाले, पण त्याच्याभोवती चेन्नईत मेंदूविज्ञानाचा संप्रदाय उभा राहिला नाही. बिंदुप्रक्रियांचे गणित इतर वाटांनी गेले: रांगांची उपपत्ती, यंत्रांची विश्वसनीयता, प्रकाशकणांची मोजणी. श्रीनिवासन यांनी पुढे १९८८ मध्ये पोकळीतील प्रारण आणि त्याचे मापन यांवर ग्रंथ लिहिला. त्यातही साधन तेच, फक्त बिंदू फोटॉनचे. वैयक्तिक दृष्टीने हा विद्वत्तेचा स्वाभाविक प्रवास होता. शहराच्या दृष्टीने मात्र एक धागा सुटला. गणित होते, पण ज्याच्याशी ते ताडून पाहावे ते मापन शेजारच्या खोलीत नव्हते.

तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या काळी हे गणित कोणत्या 'प्रकल्पा'त बसले असते? त्यातून औषध निघणार नव्हते, यंत्र निघणार नव्हते, कोणाच्या नावाची कोनशिला बसणार नव्हती. उपयोगाचा रकाना कोराच राहिला असता. ते घडले याचे कारण सरकारी अनुदानाने अध्यापकाला विषय निवडण्याची मोकळीक दिली होती आणि विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती. रक्कम लहान होती, पण ती वर्षानुवर्षे येत राहिली.

नव्या पिढीचे दोन प्रयत्न

सुटलेला धागा चेन्नईत पुन्हा हाती आला तो निराळ्या टोकाने. आयआयटी मद्रासचेच पदवीधर व्ही. श्रीनिवास चक्रवर्ती अमेरिकेत डॉक्टरेट करून परतले आणि संस्थेच्या जैवतंत्रज्ञान विभागात त्यांनी संगणकीय चेताविज्ञानाची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा मुख्य विषय मेंदूच्या तळाशी असलेली 'बेसल गँग्लिया' ही केंद्रे. हालचाल निवडणे हे या केंद्रांचे एक महत्त्वाचे काम. तिथे डोपामिन पोहोचवणाऱ्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सनचा आजार होतो: हात थरथरतो, पाऊल अडखळते, अक्षर बारीक होत जाते.

या केंद्रांतून दोन मार्ग जातात. पाठ्यपुस्तकी समजुतीनुसार एक मार्ग हालचालीला 'हो' म्हणतो आणि दुसरा 'नको'. चक्रवर्ती आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संगणकीय प्रतिमानांतून असे सुचवले की 'हो' आणि 'नको' यांच्या मध्ये तिसरी अवस्था असावी: 'शोधून पाहा'. कोणती हालचाल योग्य हे ठाऊक नसते तेव्हा मेंदू थोडे स्वैर प्रयोग करतो आणि त्या स्वैरतेचा उगम दुसऱ्या मार्गातील पेशींच्या गुंतागुंतीच्या स्पंदांत आहे, अशी ती मांडणी. आजारात हे स्पंद एका तालात येतात, स्वैरता हरपते आणि शोध थांबतो. यादृच्छिकता म्हणजे केवळ मापनातला गोंगाट नसून मेंदूचे हत्यार आहे, हा विचार सत्तरच्या दशकातील गणितज्ञांनाही ओळखीचा वाटला असता.

इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये सिताभ्र सिन्हा यांच्या गटाने आणखी एक वाट धरली. 'सीनोरॅब्डायटिस एलेगन्स' हा एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. त्याच्या उभयलिंगी प्रौढात बरोबर ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांची जोडणी ज्ञात आहे. हे जाळे कोणकोणत्या गटांत विभागलेले आहे आणि तंतू आखूड ठेवणे व संदेश झटपट पोहोचवणे या दोन गरजांत त्याने तडजोड कशी साधली आहे, हे या गटाने २०१०च्या एका निबंधात तपासले. हे जाळे परदेशांतील इतरांनी वर्षानुवर्षे खपून नोंदवले आणि खुले ठेवले होते. म्हणूनच चेन्नईत प्रयोगशाळा नसतानाही प्रत्यक्ष मापनावर काम करता आले. खुली माहिती ही गरीब संस्थेची प्रयोगशाळा असते, याचा हा नमुना.

देशपातळीवरही या काळात सार्वजनिक पैशाने पाया घातला जात होता. हरियाणातील मानेसर येथे जैवतंत्रज्ञान विभागाचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये बोधविज्ञानासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला यांच्या गटाने पेशींची प्रतिमाने चालवणारी 'मूस' ही संगणक-प्रणाली घडवली आणि जगाला मोफत दिली. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी यांचे गट या विषयात काम करतात. मराठी विद्यार्थ्याला हा विषय शिकण्यासाठी आता विंध्य किंवा समुद्र ओलांडण्याची गरज उरलेली नाही.

छेदामागून छेद

२०१५ मध्ये आयआयटी मद्रासमध्ये संगणकीय मेंदू संशोधनाचे केंद्र सुरू झाले ते इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या देणगीतून. हा पैसा खासगी. पण त्याची वंशावळही पाहावी. गोपालकृष्णन याच संस्थेत भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकले, १९७०च्या दशकात, जवळजवळ फुकट. देणगीतून निर्माण केलेल्या अध्यासनांपैकी एकाला त्यांनी नाव दिले ते आपले शिक्षक एच. एन. महाबल यांचे. सार्वजनिक खर्चाचे फळ चाळीस वर्षांनी त्याच अंगणात पडले. महाबल अध्यासनावर आले पार्थ मित्रा. ते मूळचे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत मेंदूच्या जोडण्यांचे नकाशे काढणारे.

मार्च २०२२ मध्ये सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटर सुरू झाले. खासगी देणगीबरोबर भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाचे पाठबळ त्याला मिळाले. केंद्राचे प्रमुख मोहनशंकर शिवप्रकाशम हे विद्युत अभियंते. त्याआधी त्यांनी जैवतंत्रज्ञान विभाग आणि आयआयटी मद्रास यांच्या संयुक्त वैद्यकीय तंत्रज्ञान केंद्रात काम उभे केले होते. शंकर नेत्रालयासाठी खेड्यात नेता येईल असे फिरते नेत्रशस्त्रक्रियागृह हे त्या केंद्राचे एक ठळक काम. म्हणजे या नव्या केंद्रापाशी यंत्रे बांधण्याची आणि रुग्णालयांबरोबर काम करण्याची सवय आधीपासून होती. चेन्नईतील मेडिस्कॅन आणि सविता वैद्यकीय महाविद्यालय यांची वैद्यकीय साथ मिळाली. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, रोमानिया आणि दक्षिण आफ्रिका येथील संशोधकही सामील झाले.

काम कसे चालते, हे समजून घेण्याजोगे आहे. मेंदू गोठवतात. मग एका अतिसूक्ष्म पात्याने त्याचे सुमारे वीस मायक्रोमीटर जाडीचे छेद घेतात. माणसाचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. छेद फाटू नये, दुमडू नये, क्रम चुकू नये. पेशी दिसाव्यात म्हणून छेदाला रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र घेतात. चित्रातील एक बिंदू म्हणजे सुमारे अर्धा मायक्रोमीटर. समजा, छेद चार सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद आहे. मग एका बाजूला ८० हजार बिंदू आणि एकूण सहा अब्जांहून अधिक. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले तर एकाच छेदाचे न दाबलेले चित्र सुमारे १९ गिगाबाइट भरते. असे हजारो छेद एकमेकांवर अचूक बसवायचे, त्यांतून त्रिमितीय मेंदू पुन्हा उभा करायचा आणि त्यावर शरीररचना जाणणाऱ्या तज्ज्ञाने भागांच्या सीमा आखायच्या. 'संगणकीय' हा शब्द येथे शोभेचा नाही. संगणकाशिवाय हा मेंदू पुन्हा एकसंध दिसलाच नसता.

एक गोष्ट यात विसरता येत नाही. या छेदांच्या पाठीमागे काही कुटुंबांचे दुःख आहे. संमती आणि नैतिक परवानगी यांशिवाय असा अभ्यास होऊ शकत नाही, आणि ज्यांनी संमती दिली त्यांना त्यातून काहीही मिळणार नव्हते. माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याची नैतिक जबाबदारी त्यामुळे अधिक वाढते.

खर्चाचीही तुलना झाली. अमेरिकेत पॉल ॲलन यांनी २००३ मध्ये दहा कोटी डॉलर देऊन ॲलन संस्था स्थापन केली आणि तिचे मेंदू-नकाशे जगभर वापरले जातात. त्या प्रकल्पाच्या प्रारंभीच्या निधीच्या एक दशांशाहूनही कमी पैशात 'धरणी' झाली, असे तिला प्रसिद्धी देणाऱ्या नियतकालिकाच्या मुख्य संपादक सुझाना हर्कुलानो-हौझेल यांनी नमूद केले. ही अभिमानाची बाब खरी. पण स्वस्ताईचे कौतुक जपून करावे. कमी पैशात काम होते तेव्हा पुष्कळदा त्याची उरलेली किंमत तरुण संशोधकांची अनिश्चित वर्षे भरून काढत असतात.

पैसा कशाला द्यावा

युरोपचा अनुभव येथे उपयोगी आहे. 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' २०१३ मध्ये एक अब्ज युरोंच्या घोषणेने सुरू झाला. दहा वर्षांत संपूर्ण मानवी मेंदू संगणकात उभा करण्याचे स्वप्न त्याच्याशी जोडले गेले होते. वर्षभरातच शेकडो शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून प्रकल्पाची दिशा आणि कारभार यांवर आक्षेप घेतले. पुढे त्याची पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये तो संपला. संपूर्ण मेंदू काही संगणकात अवतरला नाही. उरले ते मेंदूचे नकाशे, खुली माहिती, ती वापरण्याची साधने आणि प्रशिक्षित माणसे. घोषणेत ज्याला दुय्यम स्थान होते, तेच टिकले.

भारतात संशोधन आणि विकासावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये असा त्याचा आराखडा. त्यांपैकी १४ हजार कोटी सरकारचे आणि उरलेले बहुतांश उद्योग, दानशूर व्यक्ती आणि इतर स्रोतांकडून यावेत ही अपेक्षा. म्हणजे चेन्नईतील केंद्राची मिश्र घडण हाच पुढचा राष्ट्रीय नमुना होऊ घातला आहे. त्यात गैर काही नाही. पण देणगीदार स्वाभाविकपणे दिसणाऱ्या वस्तूकडे ओढला जातो: इमारत, यंत्र, नकाशा. गुणन-घनतेसाठी देणगी मागायला गेलेल्या माणसाला दारातूनच परत फिरावे लागले असते. सरकारी पैसाही जर दिसणाऱ्या वस्तूंमागे धावू लागला, तर न दिसणाऱ्या कामाला वाली कोण?

हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाही. 'धरणी'च्या एका छेदाकडे पाहा. रंगवलेल्या पेशी म्हणजे प्रतलावर विखुरलेले ठिपके. गर्भावस्थेच्या या आठवड्यांत चेतापेशी मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या काठाशी जन्मतात आणि आधारतंतूंच्या दोऱ्या धरून बाहेरच्या पृष्ठभागाकडे सरकतात. मागून आलेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. कोणत्या थरात त्या दाटतात, किती अंतरावर एकमेकींना टाळतात, रांगा कुठे धरतात? एका लहान चौकटीत पेशी सापडण्याची संभाव्यता किती आणि दोन चौकटींत एकाच वेळी सापडण्याची किती, असा प्रश्न विचारला की उत्तराकडे वाट निघते. हीच रामकृष्णन यांची १९५० सालची गुणन-घनता, काळाऐवजी अवकाशात. जगभर अवकाशीय सांख्यिकीत ती आज रोजच्या वापरात आहे.

सत्तरच्या दशकात या शहराजवळ गणित होते आणि मापन नव्हते. आज मापनाचा डोंगर आहे आणि तो कोणालाही चढता येतो. पुण्यात, कोल्हापुरात किंवा नांदेडला भौतिकशास्त्र वा संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी चेन्नईला जाण्याची, कोणाची चिठ्ठी आणण्याची किंवा शुल्क भरण्याची गरज नाही. एक बरा संगणक आणि थोडे बिंदुप्रक्रियांचे गणित पुरेल. अडचण नंतर येते. तो विद्यार्थी त्या छेदांसमोर वर्ष-दोन वर्षे बसणार असेल, तर तेवढा काळ त्याची शिष्यवृत्ती वेळेवर यायला हवी आणि 'यातून निघणार काय' या रकान्यात त्याला 'अजून ठाऊक नाही' असे लिहिता यायला हवे. १९७० साली मद्रासमध्ये ते शक्य होते.